गढीतली पाचवी

मरीमायच्या नैवेद्याचा दहीभात मी लहानपणी पोटभर खाल्ला, आणि त्या सगळ्या काळात मरीमाय नदीच्या तळाशी होती. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहिते आहे. माझा थोरला मुलगा म्हणतो, "आई, जरा शोभेल असं लिही, पुढे नातवंडं वाचतील." नातवंडं वाचणार म्हणूनच तर लिहिते. शोभेल असं सांगायला त्यांच्या शाळा आहेत.

आमचं घर अमरावतीत राजापेठेच्या पलीकडे होतं. दुकानं संपली की एक नाला यायचा आणि नाल्याच्या काठाने आमचं वेटाळ, म्हणजे एकमेकांना टेकून उभी असलेली कुडाची आणि टिनाची घरं. समोर सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनाचं आवार. हंगामात जिनाचा भोंगा वाजला की त्यावर सगळं वेटाळ हलायचं. भोंगा झाला की माय चुलीपुढे बसून भाकरी थापायला घ्यायची, भोंगा झाला की बाया टोपल्या घेऊन निघायच्या, भोंगा झाला की आम्हाला खेळ मोडून घरी पळावं लागायचं. हवेत सरकीचा वास आणि कापसाचे तंतू. ते पापण्यांवर येऊन बसायचे, भाकरीवर बसायचे, अंबाडीच्या भाजीत पडायचे. आजही अंबाडीची भाजी समोर आली की मी आधी त्यात तंतू शोधते, मग जेवते.

बाबा नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. वेटाळातले पहिलेच मास्तर, त्यामुळे बिचाऱ्यांना घरातही मास्तरच राहावं लागायचं. नागपूरहून दीक्षा घेऊन सगळे पांढऱ्या कपड्यांत परत आले, त्यानंतर आमच्या घरातल्या देवांच्या फळीवर बाबांची पुस्तकं आली. मायने मात्र त्याच फळीच्या एका कोपऱ्यात तिखटाचा डबा ठेवला. बाबा म्हणायचे, "पुस्तकांजवळ तिखट ठेवू नये." माय म्हणायची, "देव होते तवा हळदीचा डबा ठेवतच होतो ना? देवानं काई म्हटलं नाई, आन तुमची पुस्तकं काहून बोलून राहिली?"  जवसाची चटणी तोंडी लावून बाबा मुकाट्याने जेवायचे.

वेटाळाच्या तोंडाशी चिंचेचं मोठं झाड होतं आणि त्याखाली दगडामातीचा ओटा. त्यावर पूर्वी मरीमाय होती, शेंदूर लावून लावून जाड झालेला दगड. दीक्षेनंतर वेटाळाने ठरवलं आणि मरीमाय उचलली. कौंडण्यपूरच्या जत्रेत वांगी विकायला निघालेल्या एकाच्या बैलबंडीत, वांग्यांच्या पोत्यांमध्ये तिला बसवून धाडलं आणि वर्धा नदीत सोडलं. राहिला तो ओटा. त्याचं काय करायचं यावर मोठ्यांच्या बैठका व्हायच्या. कोणी म्हणे तिथे वाचनालय बांधू, कोणी म्हणे तोडून टाकू. तोवर त्यावर कोणी बसत नव्हतं. जुनी भीती अंगातून गेली नव्हती, आणि भीती वाटते हे सांगायची आता सोय राहिली नव्हती. संध्याकाळी मोठी माणसं ओट्याला वळसा घालून जायची आणि वळसा घातलाच नाही असं दाखवायची.

मग ओटा आम्ही पोरींनी घेतला.

त्याला कारण झाली बेबीताई. ही माझी मावसबहीण, अकोल्याला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकणारी. तिला विषमज्वर झाला आणि बरं वाटेपर्यंत मायने तिला आमच्याकडे आणून ठेवलं. तापाने तिचे केस गळाले होते, डोक्याला पांढरं फडकं बांधायची, आवाज बारीक झाला होता. पण डोळे असे की बघत राहावं. तिने अकोल्याहून एक खेळ आणला होता. वसतिगृहाच्या गच्चीवर मुलींनी मिळून रचलेला. ओट्यावर कोळशाने मधोमध एक गढी काढायची, भोवती जंगल, नदी, एक वाट, एक विहीर. चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फाका घ्यायच्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पहिल्यांदा खेळायला येणारीने ओंजळीतून चार फाका फेकायच्या. ही जन्माची फेक. चारही पांढऱ्या पडल्या तर राणी, त्याहून कमी तर प्रधान, शिकारी असं उतरत उतरत. चारही तपकिरी पडल्या तर अकोल्याच्या खेळात भिकारीण व्हायची. आमच्या कमलने ते बदलायला लावलं. "भिकारी नको, सालदार ठेवा," ती म्हणाली. कमलचे वडील सोनबाकाका एका पाटलाकडे सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे.

एकदा जे पडलं ते पडलं, ते घेऊन खेळायचं. बेबीताई सांगणारी. ती म्हणायची, "गढीच्या मागच्या विहिरीतून कोणीतरी हाक मारतंय. काय करता?" मग एकेकीने आपण काय करतो ते सांगायचं, फाका फेकायच्या, आणि ते जमलं की फसलं हे फाका ठरवणार. एकच कायदा मोठा कडक. तोंडातून गेलं की ते झालं. "सांगितलं ते झालं," असं बेबीताई म्हणाली की मागे फिरणं नाही. आमच्या शेजारची गया, पहिल्याच दिवशी "मी विहिरीत उडी टाकते" म्हणून बसली आणि पुढचे कितीतरी दिवस विहिरीतच होती. तिथूनच ओरडून भांडायची.

राणी कोण झाली असेल? कमल. वेटाळातली सगळ्यात भित्री पोर. पालीला सुद्धा "जरा सरकता का" म्हणेल अशी. गढीवर दरोडा पडला तरी ही म्हणायची, "तुमाले जे बरं वाटन ते करा." आणि मी प्रधान. मी त्या काळी किती शहाणी होते हे सांगितलं तर आता हसून माझी कवळी पडेल. फ्रॉकवर बाबांचं उपरणं टाकून यायचे मी. कमरेवर हात ठेवून "राणीसाहेब, आमचं मत असं आहे" म्हणून शुद्ध भाषेत बोलायचे, कारण प्रधान शुद्ध बोलतो अशी माझी समजूत. गया म्हणायची, "ए प्रधान, नाकातला शेंबूड पूस पयले."

आता दहीभात. सोनबाकाकाच्या मालकाचं, पाटलाचं घर आमच्या शाळेच्या वाटेवर होतं. गावाकडे काळ्या मातीची वावरं, आणि पोरांच्या शिक्षणासाठी शहरात बांधलेलं दगडी घर. त्यांची नात इंदू माझ्याच वर्गात. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, वाचेल अशी आशा नव्हती. तेव्हा तिच्या आजीने आमच्या वेटाळातल्या मरीमायला नवस बोलला की पोरगी जगली तर दर मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य धाडीन. पोरगी जगली. गालांवर वण राहिले, पण जगली. नैवेद्य दर मंगळवारी निघायचा, पळसाच्या पत्रावळीवर, म्हणजे वेटाळातून भांडं परत न्यायला नको. आणायचे सोनबाकाका. मरीमाय वांग्यांच्या बंडीतून गेली तेव्हा म्हातारीला हे सांगायचं कोणी? काकांनी आज सांगतो, उद्या सांगतो केलं. म्हातारीचे डोळे अधू, जीव त्या नवसात अडकलेला. नवस मोडला कळलं तर ती हाय खाईल, आणि पाटील पहिल्यांदा सोनबाकाकाला विचारेल की इतके मंगळवार तू भात नेला कुठे? सालदाराचं वर्ष पाडव्याला ठरतं. पाडव्याला मालकाने ठेवलं तर ठेवलं, नाही तर घरादाराने दुसरं दार शोधायचं.

म्हणून काका मंगळवारी यायचे, पत्रावळ रिकाम्या ओट्यावर ठेवायचे, झाडाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "पोट्टेहो, कुत्र्याले देऊ नका हो!" आणि मागे न बघता निघून जायचे. एक शीत त्यांनी कधी तोंडात टाकलं नाही. आम्ही मात्र पत्रावळीवर तुटून पडायचो. जाड सायीचं दही, त्यात जिऱ्याची फोडणी, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. आमच्याकडे ज्वारीच्या कण्या शिजायच्या तिथे असा भात म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. बाबांना समजलं असतं तर त्यांनी छडी मोडेपर्यंत मारलं असतं, कारण नैवेद्य खाणं म्हणजे दीक्षा घेऊन पुन्हा तिथेच जाणं. पाटलाला समजलं असतं तर कमलच्या घराचं काय झालं असतं ते वर लिहिलंच आहे. दोन्हीकडून गळ्याशी दोरी होती, आणि आम्ही मधे बसून लोणच्याच्या फोडीवरून भांडत होतो.

अशात, होळीच्या पुढेमागे, इंदूने मला शाळेत गाठलं.

"सुले, तुमच्या वेटाळात काय खेळून राहता वं? तुयी बोटं रोज काळी असतात."

"काही नाही."

"काई नाई कसं? गया वर्गात म्हने का ती विहिरीत हाये. बाईनं हजेरी घेतली तरी म्हने मी विहिरीत हाये. मले घ्या ना खेळात."

मी प्रधानाच्या आवाजात म्हटलं, "विचार करून कळवू." घंटा झाली म्हणून वाचले. 

संध्याकाळी ओट्यावर हा विषय निघाला आणि खेळ बाजूलाच राहिला. नव्या भिडूचा कायदा असा होता की सगळ्यांनी एकेक चिंचोका गडव्यात, म्हणजे तांब्यात, टाकायचा. अख्खा म्हणजे ये, फुटका म्हणजे नको, आणि एक जरी फुटका निघाला तरी नको. बेबीताई म्हणाली, "टाकण्याआधी बोलून घ्या."

गया म्हणाली, "घ्या ना. मले कंटाळा आला विहिरीत. कोनीतरी दोर टाकणारं पायजे."

मी उभी राहिले. "राणीसाहेब, आमचं मत असं आहे की ही मुलगी येता कामा नये. ती आली तर मंगळवारी येईल. मंगळवारी आली तर भात बघेल. भात बघितला तर घरी सांगेल. घरी सांगितलं तर सोनबाकाकाचा पाडवा गेला."

बोलले ते सगळं खरं होतं. पण माझ्या पोटात दुसरंच होतं. इंदूला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे आणि तिच्याकडे सरकत्या झाकणाची कंपासपेटी होती. जन्माच्या फेकीत तिला जर प्रधान पडला तर गढीत दोन प्रधान, आणि दुसरीला गणित जास्त येणार! काकाच्या पाडव्याच्या मागे मी माझं उपरणं लपवून उभी होते. प्रधान झाले ते उगाच नाही.

बेबीताईने फडकं सारखं केलं. "हे सगळं बरोबर आहे सुले. पण एक सांग. आपल्या ओट्यावर अमक्या घरच्या पोरीने यायचं नाही, असं आपण म्हणायचं? आपण?"

 जिनाकडून सरकीची धूळ येत होती. कमल फाका हातात घेऊन चोळत होती. घर तिचं, बाप तिचा, पण ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी बेबीताईने तिला नावाने विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुमाले जे बरं वाटन ते..."

"कमल!" गया विहिरीतून ओरडली.

चिंचोके पडले. गडवा उपडा केला. एक फुटका. सगळ्यांच्या माना कमलकडे वळल्या, आणि ती रडकुंडीला आली. "मायावाला अख्खा होता. आईची आन."

"माझा आहे," मी म्हटलं. "कायद्याने टाकला. काय म्हणणं आहे?" कमलने अख्खा टाकला, हे मात्र मला कळेना. मी तिच्यासाठीच लढत होते ना? असं निदान मी स्वतःला सांगत होते. नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा मंगळवारी दुपारपासून जेवत नाईत वं. घशाखाली उतरत नाई त्याईच्या. होऊन जाऊ दे एकदाचं."

इंदूला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, जागा नाही.  तिने कंपासपेटीचं झाकण सरकवून लावलं फक्त.

पुढचा मंगळवार आला. पाडवा तोंडावर. झाडाखाली पिकलेल्या चिंचांचा सडा, आमचे दात आंबलेले. भोंग्याला अजून वेळ होता. काका येताना दिसले, हातात पत्रावळ, आणि त्यांच्या मागे चपला वाजवत इंदू. काकांचा चेहरा असा, की ती पत्रावळ नाही, निखारे आहेत. म्हातारी आजारी पडली होती. ती म्हणाली होती, माझं काही खरं नाही, यंदा जिच्या नावाचा नवस तिनेच जाऊन मरीमायच्या पाया पडून यावं.

इंदू ओट्यापुढे उभी राहिली. कोळशाची गढी, कोळशाची विहीर, चिंचोके, आणि आम्ही चौघी.

"सोनबा, मरीमाय कुठी हाये?"

काकांनी पत्रावळ छातीशी धरली. मी उठले. माझ्या डोक्यात एक फार सुंदर थाप तयार होती, मरीमाय चैत्राच्या स्नानाला गेली आहे, अशी काहीतरी. मी "असं आहे की" एवढं म्हटलं आणि बेबीताईने माझं उपरणं धरून मला खाली ओढलं. उपरणं फाटलं. बाबांना त्याचं काय सांगितलं ते वेगळं प्रकरण होईल.

बोलली ती कमल. बसल्या जागेवरून, मान वर न करता.

"नाई हाये. आमी दीक्षा घेतली तवा नदीत सोडली. कवाच सोडली. तुयी आजी धाडते तो भात आमी खातो. बाबा खात नाईत. आमी खातो."

काका मटकन खाली बसले. पत्रावळ मात्र त्यांनी सांडू दिली नाही. इंदूच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं ते मी बघत होते. राग येईल, रडेल, पळेल, सगळं मला वाटून गेलं. ती हळूच गालावरच्या वणांना हात लावून म्हणाली,

"म्हंजे इतक्या दिवसाचा भात मरीमायले भेटलाच नाई? मंग मी मेली काहून नाई?"

"आमी खाल्ला म्हून," गया म्हणाली.

मी आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना हसते आहे. त्या वेळी कोणी हसलं नाही.  मग इंदूची हनुवटी वर झाली. ती पाटलाची नात होती, मागितलेलं मिळायची तिला सवय होती.

"मले खेळात घ्या. नाई तं घरी सांगते."

"असं नाही," बेबीताई म्हणाली.  "धमकी देऊन गढीत कोणी येत नाही. सांगायचं तर जा, सांग."

"अवो बेबी," काका कळवळले, "घ्या ना वो तिले. पाडवा जवळ आला."

"काका, कायदा आहे. आम्ही पुन्हा चिंचोके टाकतो. पण कोणी तिला भिऊन अख्खा टाकायचा नाही आणि चिडून फुटका टाकायचा नाही."

हे कसं जमायचं ते तिने सांगितलं नाही. माझ्या एका मुठीत अख्खा होता, दुसऱ्या मुठीत फुटका. अख्खा टाकला तर धमकीपुढे वाकले. फुटका टाकला तर समोर काका बसलेले. अशा वेळी माझ्यातला प्रधान जागा झाला. मी म्हटलं, "मी अख्खा टाकते. पण आधी तिने आमच्यासोबत जेवावं. याच पत्रावळीत."

मला फार हुशारी सुचली असं वाटत होतं. पाटलाची पोर आमच्या वेटाळात, आमच्या हाताला हात लागत, एका पानात जेवते होय? ती नाही म्हणणार, आपल्या पायाने जाणार, आणि माझा चिंचोका स्वच्छ राहणार. ती तशी गेली असती तर घरी जाऊन काय बोलली असती, हे प्रधानाच्या डोक्यात आलंच नाही. प्रधानांच्या डोक्यात अशा गोष्टी येत नाहीत हे पुढे मत द्यायच्या वयाची झाल्यावर मी बरंच बघितलं.

काकांना मात्र लगेच कळलं. "नका जी इंदूबाई," ते उठून मधे आले. "भात गेला तं मले बोलतीन. तुमी इथं जेवल्या समजलं तं मले उभा नाई करणार. पाया पडतो."

इंदूने त्यांच्याकडे बघितलं. मग चपला काढल्या, ओट्यावर चढली, गढीच्या जंगलावर ऐसपैस मांडी घातली आणि काकांच्या हातातली पत्रावळ घेऊन मधोमध ठेवली.

"दर मंगळवारी मीच कालवते हा भात," ती म्हणाली. "आजीले दिसत नाई. चाखाले मिळत नाई मले, देवीचा म्हून. मायाच नावाचा, आन मीच चाखला नाई कवा." आणि तिने पहिला घास घेतला. साधासुधा नाही, मूठभर. दुसरा त्याहून मोठा. सायीचा भाग सगळा तिच्याकडे जायला लागला तशी गया विहिरीतून बाहेर आली आणि कोपराने तिला सरकवून बसली. कमल बसली, बेबीताई बसली. मी प्रधान म्हणून जरा थांबले, तोवर लोणच्याची फोड इंदूच्या तोंडात गेली होती.

"काका, पानी हाये का?" तिने विचारलं. इतका वेळ ती त्यांना सोनबा म्हणत होती. आमच्या घरच्या मडक्यातलं पाणी गडव्यातून आलं, ती वरून न पिता तोंड लावून प्यायली, आणि तो गडवा पुसून आम्ही त्यात चिंचोके टाकले. एकही फुटका नव्हता.

माझी नात पुण्याला असते. तिच्याकडे असाच खेळ चालतो, जेवणाच्या टेबलावर, बऱ्याच तोंडांचे फासे घेऊन. एका नव्या मुलाला घ्यायचं की नाही यावर मध्यंतरी त्यांच्या फोनवर आठवडाभर चर्चा चालली होती. तो कसा आहे, नियम वाचेल का, वेळेवर येईल का. मी तिला म्हटलं, एकदा जेवायला बोलव आणि साय कोण खातं ते बघ. तिला वाटलं आजी विषय बदलते आहे.

आता जन्माची फेक. इंदूने चार फाका ओंजळीत खुळखुळवल्या, फुंकर मारली, फेकल्या. एक, दोन, तीन तपकिरी. चौथी काठावर जरा डगमगली आणि तीही तपकिरी पडली.

"सालदार," गया म्हणाली आणि जीभ चावली.

बेबीताईने गढीवर बोट ठेवलं. "गढीवर पाडवा उजाडलाय. राणी अंगणात बसली आहे. सालदार समोर येतो. काय करतेस?"

इंदू काकांकडे वळली. "काय म्हनतेत?"

काका चिंचेच्या खोडाला टेकून उभे होते. खाली बघत म्हणाले, "म्हनतो का, यंदा ठेवता का जी."

तिने ते नुसतं म्हटलं नाही. ती ओट्याखाली उतरली आणि कमलपुढे उभी राहिली. दोन्ही हात पोटाशी, मान खाली, एका पायाचा पंजा दुसऱ्या पायावर. दर पाडव्याला आपल्या अंगणात तिने हे बघितलेलं होतं. ती नक्कल करत नव्हती, तसंच उभं राहतात हे तिला माहीत होतं. 

"यंदा ठेवता का जी?"

 आता कमल म्हणणार, तुमाले जे बरं वाटन ते करा, म्हणून मी डोळे मिटले.

"गेल्या सालात काम बराबर केलं का?" कमलने विचारलं. हा तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. पाटील विचारतात तसं असणार, तिने बापाकडून ऐकलं असणार.

"केलं जी."

"खोटं बोलली का कवा?"

इंदूने जरा विचार केला. "अजून नाई. आज घरी गेल्यावर बोलन."

जिनाचा भोंगा वाजला. एरवी आम्ही उधळलो असतो. कोणी हललं नाही.

"ठेवली," राणी म्हणाली.

"सांगितलं ते झालं," बेबीताई म्हणाली. काका पलीकडे तोंड करून धोतर झटकत होते. धोतराला काही लागलेलं नव्हतं.

पाडव्यापर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. इंदू शाळेत आलीच नाही, आजी आजारी म्हणून. ती काय बोलली, बोलली की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. काका कामावर जायचे, यायचे. बेबीताईची अकोल्याला जायची पेटी बांधून दारात ठेवली होती. पाडव्याच्या सकाळी घरोघर दाळ शिजत होती आणि आम्ही तिघी ओट्यावर जाऊन बसलो. बेबीताई शेवटची म्हणून आली. कोणी फाकांना हात लावला नाही. कमल वाटेकडे तोंड करून बसली होती, पायात पाय घट्ट अडकवून.

काका आले ते उन्हं चढल्यावर. हातात एक नाही, दोन पत्रावळी, एकीवर एक धरून, हळूहळू चालत. त्या दिवशी मंगळवार नव्हता.

"बाबा, ठेवलं का?" कमलने लांबूनच विचारलं.

काकांनी पत्रावळी ओट्यावर मांडल्या. एकीत दहीभात, दुसरीत पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "म्हातारी बरी हाये. उठून बसली. तिनं इंदूबाईले इचारलं होतं, मरीमायनं खाल्लं का वं? तं ते म्हनली, सारं खाल्लं, साय बी ठेवली नाई, आनखी पायजे होतं."

यात खोटं काय होतं, मला अजून सापडलेलं नाही.

"आन पाडव्याचं, बाबा?" कमलने विचारलं.

"म्हातारी म्हने देवीची भूक वाढली. आता दोन पानं नेत जा सोनबा. पाटील तिथंच बसले होते, काई बोलले नाईत." ते थांबले. कमलच्या डोक्यावर हात ठेवला. "नेत जा म्हनली वं. म्हंजे ठेवलंच ना."

नेहमीसारखं त्यांनी झाडाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, "पोट्टेहो, कुत्र्याले देऊ नका हो!" पण निघायच्या आधी ते परत वळले, ओट्याच्या कडेला टेकले, आणि वरची एक पोळी उचलून खायला लागले.